रस्ता नसलेल्या गावातलं जंगल

श्रोतेहो, नमस्कार.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मॅलेग नावाचं मासेमारीचं बंदर आहे. ग्लासगोहून निघालेली रेल्वे तिथं संपते. १९०१ साली लोहमार्ग इथवर पोचला, आणि पुढे समुद्रच आहे. धक्क्यावर एक छोटी लाँच उभी असते. किराण्याची खोकी, टपाल, एखादी सायकल, एखादं कुत्रं आणि पाठीवर सॅक घेतलेली माणसं तिच्यात चढतात. अर्ध्यापाऊण तासात लाँच इनव्हरी गावाला लागते. गावात काही मैलांचा डांबरी रस्ता आहे, पण तो बाहेरच्या कुठल्याच रस्त्याला मिळत नाही. लाँचनं यायचं नसेल, तर उत्तरेकडच्या खाडीच्या टोकाहून डोंगरातून पंचवीसेक किलोमीटर चालत यायचं.

हा नॉइडार्टचा द्वीपकल्प. दक्षिणेला लॉख नेव्हिस, उत्तरेला लॉख हूर्न. दोन्ही खाऱ्या पाण्याची, आपण खाडी म्हणू तशी. मध्ये लारव्हेन हा १,०२० मीटर उंचीचा डोंगर. आणि या सगळ्यात मिळून शंभरसव्वाशे माणसांची कायमची वस्ती.

जंगलातले, निसर्गाला न ओरबाडणारे सुट्टीचे मुक्काम हा माझा आजचा विषय. स्कॉटलंडच्या लॉखांकाठी अशा जागा आता पुष्कळ आहेत. लाकडी खोली, छपरावर गवत, आत लाकडाची शेगडी, बाहेर आंघोळीचा मोठा टब आणि त्यातलं पाणी तापवायला जळणाचा ढीग. यातल्या काही खरोखर मनापासून उभ्या केलेल्या आहेत. पण मला विचाराल, तर खोली बघण्याआधी जमीन बघावी. ती कोणाची आहे, तिच्यावरचं रान कोण राखतं, आणि पाहुण्यानं दिलेले पैसे शेवटी कुठे जातात, हे बघावं. नॉइडार्टमध्ये या प्रश्नांची उत्तरं मिळायला दीडशे वर्षं लागली, म्हणून त्याचीच हकीकत सांगते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या किनाऱ्यावर वाड्या होत्या. बटाटा, ओट, चार गुरं आणि हेरिंग मासळी यांवर लोक जगत. १८४६ पासून बटाट्यावर रोग पडला, उपासमार आली, कुळांचा खंड थकला. जमीन मॅकडॉनेल घराण्याची होती, कारभार जोसेफिन मॅकडॉनेल या बाईंच्या हाती होता. कुळांपेक्षा मेंढ्यांमध्ये पैसा जास्त होता. १८५३ साली 'सिलरी' नावाचं जहाज किनाऱ्याला लागलं आणि तीनशेहून अधिक माणसांना घेऊन कॅनडाला गेलं. ज्यांनी जायला नकार दिला त्यांची घरं पाडली. म्हातारी आणि आजारी माणसं पडक्या भिंतींच्या आडोशाला दिवस काढत राहिली.

आज लॉखच्या काठानं चालताना नेच्यांमधून त्या घरांची दगडी जोती दिसतात. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या भागाला 'अस्पर्श रान' म्हटलेलं असतं. मला ते शब्द खटकतात. इथं माणसं होती. ती काढून टाकली, म्हणून रान निर्मनुष्य झालं.

माणसं गेली, मेंढ्या आल्या, आणि पुढे मेंढ्यांपेक्षा लाल हरणं महत्त्वाची ठरली, कारण श्रीमंतांना शिकारीची हौस होती. विसाव्या शतकात ही जमीन लॉर्ड ब्रॉकेट या इंग्रज उमरावाकडे आली. हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बर्लिनला हजर राहिलेला हा माणूस. त्याच हिटलरशी लढून काही जण युद्धावरून गावी परतले आणि बघतात तर कसायला वावभर जमीन नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये सात जणांनी मालकाच्या पडीक जमिनीवर खुंट्या ठोकल्या आणि आपापले तुकडे आखून घेतले. कोर्टानं मनाई केली. वकिलाच्या सल्ल्यानं ते मागे हटले, सरकारी चौकशीही त्यांच्या विरुद्ध गेली. ते हरले. इनव्हरीत त्यांच्या आठवणीसाठी दगडांचा स्तंभ उभा आहे, त्यावर गेलिक ही इथली जुनी भाषा आणि इंग्रजी अशा दोन भाषांत मजकूर आहे. गावात गेलात तर तिथं जरूर थांबा.

त्यानंतर जमीन या हातातून त्या हातात जात राहिली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संरक्षण खात्यानं ती लष्करी सरावासाठी घेण्याचा विचार केला होता. त्या धास्तीतून निसर्गप्रेमी मंडळी एकत्र आली, १९८३ साली जॉन म्यूर ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९८७ साली त्यानं विकत घेतलेली पहिली जमीन नॉइडार्टमधलीच होती, लारव्हेनच्या उतारावरची. उरलेली इस्टेट ज्या कंपनीकडे होती ती पुढे बुडाली. मग २६ मार्च १९९९ रोजी गावकऱ्यांनी ती विकत घेतली. गावकऱ्यांची 'नॉइडार्ट फाउंडेशन' ही संस्था, तिच्या मदतीला जॉन म्यूर ट्रस्ट, हायलँड कौन्सिल ही इथली स्थानिक स्वराज्य संस्था आणि वर्गणी पाठवणारे दूरदूरचे लोक. सतरा हजारांहून अधिक एकर. शेजारच्या एग बेटावरच्या लोकांनी दोनच वर्षांपूर्वी असंच आपलं बेट घेतलं होतं, त्यामुळे हे होऊ शकतं याचा भरवसा होता. ज्या देशात खासगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी पाचशेपेक्षाही कमी मालकांच्या नावावर आहे, तिथं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे कूळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आता जंगलाकडे येऊ.

हरणांची संख्या वाढली की जंगल म्हातारं होतं. मोठी झाडं उभी दिसतात, बी पडतं, रोप उगवतं, पण बोटभर वाढलं की हरीण त्याचा शेंडा खुडतं. लांडगे या देशातून केव्हाच संपले, त्यामुळे हरणांना आवर घालणारं दुसरं कोणी नाही. जमीन गावाची झाल्यावर जंगलासाठी नॉइडार्ट फॉरेस्ट ट्रस्ट उभा राहिला. गावामागची सूचिपर्णी झाडांची जुनी लागवड हळूहळू विरळ करायची, बर्च, रोवन, ओक, आल्डर, स्कॉट्स पाइन ही इथली झाडं लावायची, काही भागांना कुंपण घालायचं, आणि हरणांची मोजून शिकार करायची. ते मांस फाउंडेशन विकतं. शिकार ऐकून काही श्रोत्यांचं मन कचरेल. मी शाकाहारी घरातली आहे, माझंही कचरलं होतं. पण कुंपणाशी उभं राहिलं की कळतं. अलीकडे चरून चरून चटईसारखं झालेलं गवत, पलीकडे खांद्याला लागणारी रोवनची आणि बर्चची रोपं. माती तीच, पाऊस तोच.

पाऊस इथं भरपूर. अटलांटिकवरून ढग येतात ते डोंगरांना अडतात. म्हणून स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर जे जुनं जंगल शिल्लक आहे त्याला समशीतोष्ण वर्षावन म्हणतात. साऱ्या देशात ते जेमतेम ३०,००० हेक्टर उरलं आहे. त्यातल्या एखाद्या ओकच्या बुंध्याजवळ अगदी नाक नेऊन बघावं. साल दिसतच नाही. आधी शेवाळाचा जाड थर, त्यात रुजलेले छोटे नेचे, आणि त्यांच्यामधून बाहेर आलेली कोबीच्या पानासारखी एक चीज, पावसात हिरवीगार, उन्हात तपकिरी कागदासारखी. हे लंगवर्ट नावाचं शैवाक, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या प्रकारातलं. धुरकट हवेत ते तग धरत नाही. ते जिथं फोफावलेलं असेल, तिथं हवा स्वच्छ आहे आणि जंगल जुनं आहे असं खुशाल समजावं. या जंगलाचा दुसरा शत्रू दिसायला फार सुंदर आहे: बागांसाठी आणलेलं जांभळ्या फुलांचं ऱ्होडोडेंड्रॉन. त्याच्या दाट सावलीत खाली काहीच उगवत नाही. ते उपटणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे.

मुक्कामाचं म्हणाल, तर इनव्हरीत फाउंडेशनचं बंकहाउस आहे, दुमजली खाटांचं साधं घर. लॉखच्या काठाला वाळूशेजारी तंबू टाकायची जागा आहे. गावकऱ्यांनी भाड्यानं दिलेल्या काही खोल्या आणि घरं आहेत. वीज गावाची स्वतःची, डोंगरावरच्या तळ्यातून पाइपानं उतरवलेल्या पाण्यावरची. जनित्र सुमारे २८० किलोवॅटचं. राष्ट्रीय ग्रीडची तार इथं पोचलेलीच नाही, म्हणून विजेचं मोल सगळ्यांना ठाऊक असतं. इथं राहताना पाहुण्यानंही ते लक्षात ठेवावं.

शेगडीबद्दल थोडं. नुकतं तोडलेलं लाकूड पाण्यानं जड असतं. ते जाळलं तर ऊब कमी, धूर फार, आणि धुराड्यात काजळीचा थर बसतो. म्हणून ओंडके फोडून, वारा खेळेल असे रचून, वरून झाकून ठेवतात, आणि ओल २० टक्क्यांच्या खाली आली की मगच वापरतात. जवळच्या रानातलं, नीट वाळवलेलं लाकूड बेतानं जाळलं तर ते शहाणपणाचं आहे. टबभर पाणी तापवायला तासन्‌तास भट्टी पेटती ठेवणं मला तरी पटत नाही, मग जाहिरातीत त्याला कितीही हिरवा रंग दिलेला असो.

आणखी एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागातल्या, अनेक गावांत घरं सुट्टीच्या भाड्यासाठी गेली आणि शाळेत शिकवणाऱ्या बाईंना, बोट चालवणाऱ्या मुलाला राहायला घर मिळेना. स्कॉटिश सरकारनं अल्पकाळ भाड्यानं दिलेल्या घरांना परवाना सक्तीचा केला; जुन्या चालकांनी १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत अर्ज करायचा होता. नॉइडार्टमध्ये जमीन गावाची असल्यामुळे राहत्या कुटुंबांसाठी परवडणारी घरं कुठे हवीत हे गाव बसून ठरवू शकतं. २०२२ साली गावानं 'द ओल्ड फोर्ज' हा गावातला एकुलता एक पबही भागभांडवल गोळा करून विकत घेतला. संध्याकाळी लाँचवरून उतरलेला पाहुणा तिथं जेवतो, आणि ते पैसे गावातच फिरतात.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं, नातवंडं ब्रिटनमध्ये आहेत. त्यांच्याकडे गेलात की लंडन आणि एडिंबरा होतंच. इकडे यायचं तर मोटारीची गरज नाही. लंडनच्या यूस्टन स्थानकावरून रात्री निघणारी स्लीपर गाडी सकाळी फोर्ट विल्यमला पोचते. तिथून मॅलेगची गाडी, वाटेत ग्लेनफिनन इथला २१ कमानींचा काँक्रीटचा पूल. लाँचचं आरक्षण आधी करा, हवामान बिघडलं तर फेरी रद्द होते, म्हणून परतीला एक दिवस हाताशी ठेवा. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ, पोहे सोबत असू द्या.

पायी हिंडण्याची मोकळीक इथं कायद्यानंच दिली आहे. २००३च्या भूसुधारणा कायद्यानं कोणाच्याही जमिनीवरून जबाबदारीनं चालण्याचा, एखाददुसरी रात्र तंबू टाकण्याचा हक्क प्रत्येकाला मिळाला. पायांत बळ असेल, तर लॉख नेव्हिसच्या अगदी आतल्या टोकाला सॉरलीस नावाची बॉथी आहे. दगडी भिंती, छप्पर, झोपायला लाकडी फळ्या. वीज नाही, नळ नाही, भाडं नाही, कुलूपही नाही. १९६५ पासून माउंटन बॉथीज असोसिएशनचे स्वयंसेवक अशा निवाऱ्यांची देखभाल करत आले आहेत. आपला कचरा आपण परत न्यायचा आणि निघताना दार नीट लावायचं.

कधी जावं? एप्रिलची अखेर ते मेचा मध्य हे दिवस मला सर्वांत आवडतात. बर्चला कोवळी पानं फुटलेली असतात, उजेड रात्री नऊपर्यंत रेंगाळतो, आणि मिज नावाची चिलटं अजून उठलेली नसतात. मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत वारा पडला की ती थव्यानं येतात आणि चावून हैराण करतात. तेव्हा जायचं झालं तर डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी मॅलेगलाच विकत घ्या.

नमस्कार.