लघवीच्या तपासणीत दारू किती वेळ दिसते?

श्रोतेहो, नमस्कार. नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी उद्यावर आली, की आदल्या रात्री मेजवानीला जाऊन आलेला गृहस्थ हमखास विचारतो, की लघवीत दारू किती वेळ दिसते. याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण प्रयोगशाळा दोन निराळे पदार्थ शोधू शकते. पहिला म्हणजे प्रत्यक्ष मद्यार्क. बेताने घेतलेली असेल तर तो काही तास, आणि भरपूर घेतलेली असेल तर साधारण 12 तासांपर्यंत लघवीत सापडतो. दुसरा म्हणजे यकृतात मद्यार्कापासून अत्यल्प प्रमाणात तयार होणारे इथाइल ग्लुकुरोनाइड, ज्याला तपासनीस ‘ईटीजी’ म्हणतात. ते एक-दोन पेल्यांनंतर सुमारे दिवसभर आणि अतिरेकी मद्यपानानंतर तीन दिवसांपर्यंत, क्वचित 80 तासांपर्यंतही मिळते. पुन्हा सांगतो, मद्यार्क तासांत मोजायचा आणि ईटीजी दिवसांत.

यकृताचा वेग मात्र कोणाच्याही घाईने वाढत नाही. रक्तातील मद्यार्क दर तासाला 100 मिलिलिटरमागे सुमारे 15 मिलिग्रॅम या गतीने उतरतो. लिंबूपाणी, काळी कॉफी आणि थंड पाण्याची अंघोळ यांनी माणूस फार तर ताजातवाना दिसतो. तांब्याने पाणी ढोसून लघवी पातळ केली, तर क्रिएटिनिनच्या, म्हणजे लघवी किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या शरीरातील टाकाऊ पदार्थाच्या, मोजणीत ती लबाडी बहुधा उघडी पडते. ‘मला चढतच नाही’ असे छातीठोक सांगणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्यांचे यकृतही साधारण त्याच चालीने चालते. शिवाय मूत्राशय ही साठवणीची जागा असल्यामुळे सकाळची पहिली लघवी रात्रीचा हिशेब सांगते, त्या क्षणाचा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या 185व्या कलमातील 30 मिलिग्रॅमची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तासाठी आहे, लघवीसाठी नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता मला सर्वांत आवडणारी हकिकत सांगतो. ती अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातील असून 2020 साली तेथील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. यकृत कायमचे बिघडलेली, मधुमेह आटोक्यात नसलेली 61 वर्षांची एक स्त्री यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव लागावे म्हणून रुग्णालयात आली. तिच्या लघवीत वारंवार मद्यार्क सापडत होता, आणि ती मात्र ‘मी दारूला स्पर्शही करत नाही’ असे सांगत होती. आधीच्या ठिकाणी तिच्यावर विश्वास ठेवला गेला नव्हता. व्यसन लपवणारी बाई, असा शिक्का बसला होता. पिट्सबर्गच्या डॉक्टरांना मात्र काही गोष्टी जुळेनात. तपासणीला येताना ती झिंगलेली कधीच नसे, तिच्या रक्तात मद्यार्क नव्हता, आणि लघवीत मद्यार्क असूनही ईटीजी नव्हते. ईटीजी नव्हते, हा मुद्दा श्रोत्यांनी नीट ऐकावा, कारण प्यायलेली दारू यकृतातून गेल्याखेरीज राहत नाही आणि यकृतातून गेली की ती हा माग सोडतेच.

मग ही दारू आली कोठून? तिच्या लघवीत साखर भरपूर होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या, म्हणजे साखर आंबवणाऱ्या बुरशीच्या, पेशींची गर्दी दिसली. पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढले की आंबून ताडी होते, तसाच प्रकार या बाईच्या मूत्राशयात चालला होता. (आपल्याकडची नीरा केंद्रे दिसेनाशी होत चालली आहेत, याची मला जाता जाता हळहळ वाटते.) डॉक्टरांनी तिची ताजी लघवी शरीराइतक्या, म्हणजे 37 अंश तापमानात ठेवली, तेव्हा बाटलीतही मद्यार्क वाढत गेला. आंबणे थांबवणारे सोडियम फ्लोराइड घातले, तेव्हा तो वाढला नाही. साखर उतरत नसल्यामुळे बुरशीवरच्या औषधाने यीस्ट हटले नाही. तरीही तिच्यावरचा आळ गेला आणि प्रत्यारोपणासाठी तिचा पुन्हा विचार झाला.

मधुमेह घराघरांत असलेल्या आपल्या राज्यात ही गोष्ट परकी नाही. अशा रुग्णाच्या लघवीची बाटली एप्रिलच्या दुपारी संकलन केंद्राच्या पोराच्या स्कूटरच्या डिकीत फिरत राहिली, तर बाटलीतच मद्यार्क तयार होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाने बाटलीत सोडियम फ्लोराइड घातले आहे का, हे विचारावे, आणि नुसता मद्यार्क सापडला तर ईटीजीची मागणी करावी. पुन्हा सांगतो, ईटीजीची मागणी करावी. मात्र ईटीजीचा उंबरठा, म्हणजे ज्याच्या वर अहवाल दोषी धरतात तो आकडा, मिलिलिटरला 100 नॅनोग्राम इतका खाली ठेवला, तर दिवसभर सॅनिटायझर चोळणाऱ्या परिचारिकेचा किंवा मद्यार्कयुक्त माउथवॉशने गुळण्या करणाऱ्याचा अहवालही दोषी येऊ शकतो. त्यामुळे अनेक ठिकाणी तो 500 नॅनोग्राम ठेवतात, आणि अहवाल हातात आल्यावर हा आकडा त्यावर छापलेला आहे का, हे आधी पाहावे.