माणूस, मशीन आणि पटावरचा न्याय

हे बघा, कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळणं फेअर आहे का असं विचारलं की बहुतेक जण लगेच स्पीडचं बोलतात, आयबीएमचा बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर डीप ब्लू सेकंदाला 20 कोटी पोझिशन्स बघायचा, माणूस कुठे पुरा पडणार वगैरे. मला तो मुद्दा तितकासा पटत नाही. मशीन फास्ट असणार हे माहीत असूनच आपण समोर बसतो ना. मला खुपतं ते वेगळंच, समोरचा कसा खेळतो हे दोघांना सारखं माहीत होतं का?

1997 ची न्यूयॉर्कची मॅच घ्या, जगज्जेता गॅरी कास्पारोव विरुद्ध डीप ब्लू. कास्पारोवचे आयुष्यभराचे डाव छापलेले, आयबीएमच्या टीमनं ते अभ्यासले, त्यांच्या मदतीला ग्रँडमास्टरही होते, आणि कास्पारोवला मात्र त्या नव्या डीप ब्लूचा एकही डाव आधी बघायला मिळाला नाही. वर दोन डावांच्या मधे प्रोग्रॅममध्ये बदल करायची त्यांना मुभा होती, म्हणजे काल ज्याच्याशी खेळलो तोच आज समोर आहे का हेही नक्की नाही. दुसऱ्या डावात कास्पारोवनं हार मानली आणि नंतरच्या विश्लेषणात बरोबरीची वाट दिसली, पण मनात संशय शिरला तो शिरलाच. त्यानं मशीनचे लॉग, म्हणजे मशीननं कसा विचार केला त्याच्या नोंदी, मागितले तर ते तेव्हा दिले नाहीत, पुढे कधीतरी इंटरनेटवर टाकले, आता तेव्हा त्याचा काय उपयोग? सहाव्या डावात घोड्याचा बळी देणारी ती गाजलेली चाल, ती तर मशीननं पटावर विचार करून शोधलेलीच नव्हती, ओपनिंग बुकमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या तयार साठ्यात, आधीच भरून ठेवलेली होती. 19 चालींत डाव संपला, मॅच साडेतीन-अडीच अशी डीप ब्लूनं जिंकली. कास्पारोवनं परत मॅच मागितली, ती मिळाली नाही, आयबीएमनं मशीन निवृत्तच केलं.

चीटिंग झालं असं मी अजिबात म्हणत नाही, तसा पुरावा नाही, आणि त्या डावात कास्पारोव वाईट खेळला हेही खरंच आहे. पण नियमच एका बाजूला झुकलेले होते.

आता कोणी म्हणेल ग्रँडमास्टरही ओपनिंग पाठच करतात, मग बुकवर आक्षेप कशाला. बरोबर आहे, पण माणूस ते डोक्यात ठेवतो, विसरतो, चाली उलटसुलट करतो, आणि पुस्तक उघडून पटाशी बसायची परवानगी त्याला कोणी देत नाही.

म्हणून मला पुढचा जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिकच्या मॅचेस महत्त्वाच्या वाटतात. 2002 मध्ये बहारीनला डीप फ्रिट्झ या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमशी खेळायच्या आधी त्याला प्रोग्रॅमची कॉपी सरावाला मिळाली होती, मॅच 4-4 सुटली. 2006 ला बॉनमध्ये तर फ्रिट्झ बुकमधून खेळत असेपर्यंत तेच बुक क्रॅमनिकला स्क्रीनवर दिसत होतं. मला हा नियम फार आवडतो, साधा आहे आणि प्रामाणिक आहे. तरी तो 4-2 हरला, दुसऱ्या डावात एका चालीत मात होतेय हेच त्याला दिसलं नाही. ते बघताना जीव तुटतो हो, इतका मोठा खेळाडू, पण त्या हरण्यात संशयाला जागा नव्हती, चूक त्याची होती आणि ती पटावर सगळ्यांना दिसत होती. कास्पारोवला 1997 मध्ये एवढं तरी मिळायला हवं होतं.