एकलहऱ्याची नळी, तारापूरची नळी

(दृश्य : एकलहरे औष्णिक वीज केंद्र, पहाट. कोळशाची मालगाडी आत येते आहे.)

या गाडीला ५८च्या आसपास वाघिणी आहेत. एकेकीत ६०-६५ टन कोळसा, म्हणजे सगळा मिळून साडेतीन हजार टनांच्या घरात. बराचसा विदर्भातल्या खाणींचा. २१० मेगावॅटचा एक संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून) पूर्ण भारावर चोवीस तास चालवायला जवळजवळ एवढा लागतोच, आणि नाशिकच्या या केंद्रात असे तीन संच आहेत. १९७० आणि १९७१ साली सुरू झालेले १४० मेगावॅटचे दोन संच निवृत्त झाले. हे तिघे १९७९ ते १९८१ मधले.

टिपलर वाघीण पकडतो आणि रुळासकट उलटी करतो. क्रशरमध्ये कोळसा सुपारीएवढा होतो, मग मिलमध्ये त्याचं पीठ. शंभरातले सत्तर भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली गेले पाहिजेत. जाडसर राहिलं तर नीट जळत नाही, राखेबरोबर वाया जातं. पावसाळ्यात पंचाईत वेगळीच. ओला कोळसा खाली घसरण्याच्या नळीत, म्हणजे चुटमध्ये, चिकटतो, मिलमधली गरम हवा त्याला सुकवण्यातच थंडावते आणि भट्टीतली ज्योत फडफडू लागते. ती टिकवायला मग महागडं तेल जाळायचं.

(दृश्य : दुरुस्तीसाठी बंद असलेल्या बॉयलरचा आतला भाग. बॅटरीच्या उजेडात नळ्यांची भिंत.)

या भट्टीची भिंत म्हणजे एकमेकींना खेटून उभ्या पोलादी नळ्या. आत पाणी, बाहेर आग. तयार झालेली वाफ वरच्या नळ्यांमधून फिरत ५४० अंशांपर्यंत तापते आणि टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवते.

आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. ही राख वाळूसारखी कडक. वर्षानुवर्षं ती नळ्यांना पॉलिश पेपरसारखी घासते. एक दिवस एखादी नळी भोक पडण्याइतकी पातळ होते. आधी शिट्टीसारखा आवाज येतो. बॉयलरला भर म्हणून द्यावं लागणारं पाणी वाढतं. तरी संच ओढला, तर भोकातून सुटलेला वाफेचा फवारा शेजारची नळी कापतो, मग तिच्या शेजारची. म्हणून संच बंद करायचा, बॉयलर माणूस आत जाऊ शकेल इतका थंड होऊ द्यायचा, आत उभं राहायला परांच्या बांधायच्या, खराब तुकडा कापून नवा वेल्ड करायचा, जोडाचा एक्स-रे काढायचा आणि पाण्याच्या दाबाखाली तपासायचं. यात दोन-तीन दिवस सहज जातात. ‘ट्यूब लीकेजमुळे संच बंद’ ही बातमीतली एक ओळ असते, ती एवढ्यासाठी.

नाशिकचा पहिला संच सुरू झाला त्याच्या आदल्याच वर्षी, सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरवर, तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार झाली. शिकागोत १९४२ साली अणू फोडण्याची पहिली साखळी प्रक्रिया साधली, १९५४ मध्ये सोव्हिएत रशियातल्या ओब्निन्स्कने पाच मेगावॅट वीज जाळ्यात सोडली, १९५६ मध्ये तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी चालू झाली. तारापूर १९६९चं.

तिथेही पाणीच उकळतं. बदलली ती फक्त आग. एक ग्रॅम युरेनियम-२३५ विभागलं की सुमारे २३ हजार युनिट उष्णता मिळते. तेवढ्यासाठी आपला कोळसा पाच टन जाळावा लागतो. २१० मेगावॅटला दिवसाकाठी पाऊण किलोच्या आत. रोजच्या कोळशाच्या गाडीची कटकट संपली, पण परावलंबन गेलं नाही. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधन देताना हात आखडता घेतला. पुढे फ्रान्स, चीन, रशिया असे पुरवठादार बदलत गेले.

आणि नळ्यांनी तिथेही पिच्छा सोडला नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या मुळात प्रत्येकी २१० मेगावॅटच्या होत्या. दुय्यम बाष्पजनित्रांच्या (अणुभट्टीतल्या गरम पाण्यावर आणखी वाफ करणाऱ्या भांड्यांच्या) नळ्या गळू लागल्या, ती यंत्रणा बाजूला काढावी लागली आणि क्षमता १६० वर आली.

एक फरक मात्र मोठा. एकलहऱ्यात कोळसा थांबवला की आग विझते. अणुभट्टी बंद केल्या क्षणीही पूर्ण भारावरच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते, तासाभराने सव्वा-दीड टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं, पण थंड पाणी फिरवणारे पंप थांबले तर तेवढी उष्णता इंधन वितळवायला पुरते. ११ मार्च २०११ला फुकुशिमात त्सुनामीने या पंपांची डिझेल जनित्रं बुडवली आणि नेमकं तेच घडलं.

पाण्याची वीज या सगळ्यातून सुटलेली. इगतपुरी तालुक्यातल्या ऊर्ध्व वैतरणा धरणाचं पाणी कोकणच्या बाजूला उतरतं आणि वाटेत ६० मेगावॅटचा संच फिरवतं. दार उघडलं की काही मिनिटांत वीज. मात्र धरणात पाणी पाहिजे.

(दृश्य : दुपार. नियंत्रण कक्षातला मेगावॅटचा आकडा हळूहळू खाली येतो.)

आता दुपारी सौरवीज भरपूर येते, तेव्हा कोळशाच्या संचांना भार ५५ टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो आणि संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा चढवावा लागतो. हे संच एकाच भारावर संथ चालण्यासाठी बांधलेले. रोजच्या चढउतारात पोलाद ताणतं, आकसतं, आणि जुन्या वेल्डिंगच्या जोडाशी पहिली बारीक चीर पडते. तिथून पुन्हा तीच शिट्टी ऐकू येते.