उजनीचं पाणी, नान्नजचा माळ

(पडद्यावर: पिवळा माळ, दूरवर द्राक्षबागेचे मांडव)

पहाटेचे साडेपाच. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज. गुडघ्याएवढं कुसळी गवत, मध्येच एखादी खुरटी बाभूळ. पाऊस सुरू झाला की इथं नर माळढोक पक्षी गळ्याची पिशवी फुगवून घुमायचा. त्या आवाजावरूनच त्याचं दुसरं नाव पडलं, हूम. आज कान देऊन बसलं की ऐकू येते बोअरची मोटार.

१९७९ साली इथं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं. एकानं सांगितलं, माळ जसा आहे तसा राहू द्या. दुसऱ्यानं सांगितलं, माळ भिजवा. दोन्ही हुकूम सरकारचेच.

सोलापूरकराला टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, शिकवावा लागत नाही. जून-जुलैत टपरीवर पहिला प्रश्न असतो, "उजनी किती झालं?" धरणात तळाचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर, आणि टक्केवारी मोजतात ती त्याच्यावरच्या पाण्याची, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याखाली गेलं की उत्तर चक्क 'मायनस'मध्ये येतं.

आणि हे पाणी एकट्या सोलापूरचं नाहीच. भीमा पुढं कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. राज्याराज्यांतल्या नदीच्या भांडणाला १९५६ चा वेगळा कायदा आहे, वेगळा लवाद आहे. कृष्णेच्या पाण्यासाठीच्या पहिल्या, बच्छावत लवादानं १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं, आणि भीमेच्या मुख्य प्रवाहातून १९९०-९१ पासून वर्षाला ९५ टीएमसीची मर्यादा घातली. दुसरा लवाद २००४ मध्ये नेमला, त्याचा निवाडा २०१० मध्ये आला, आणि पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये तर भांडण घरातच पेटलं. उजनीतून शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला ५ टीएमसी द्यायचं ठरलं, सोलापूर रस्त्यावर उतरलं आणि निर्णय मागे घ्यावा लागला.

एवढ्या सगळ्या हिशेबात शेती आहे, पिण्याचं पाणी आहे, वीज आहे. माळ नाही. तसं पाहिलं तर माळढोकाला पाणी लागतंच किती? त्याला लागते कोरडवाहू ज्वारी, टोळ, नाकतोडे, आणि उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालायला निवांत जागा. पाणी आलं की ज्वारी जाते, ऊस येतो, द्राक्षबागेच्या तारा येतात. पंधरा किलोपर्यंत वाढणारा हा पक्षी समोरची तार वेळेत पाहू शकत नाही.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण अभयारण्य आखणाऱ्यांनी त्याला कमी छळलं नाही. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर त्यात घातले. गावं, शेतं, रस्ते, सगळं. जमीन विकायची तरी अडचण. वर्षानुवर्षांच्या कोर्टकचेरीनंतर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर गावात 'माळढोक' हा शब्द शिवीसारखा झाला होता.

तारांचा प्रश्न पुढं सर्वोच्च न्यायालयातही गेला, पण तो राजस्थान-गुजरातसाठी. २०२१ मध्ये वीजवाहिन्या जमिनीखाली घ्यायचा आदेश निघाला. २०२४ मध्ये सौरऊर्जेची गरज पुढं आली, आदेश सैल झाला, समिती बसली. देशात हे पक्षी उरलेत दीडशेच्या आसपास.

(पडद्यावर: संध्याकाळ, काळविटांचा कळप)

काळवीट अजून आहेत. लांडगाही आहे. कळप डांबरी रस्ता ओलांडून द्राक्षबागेच्या कडेनं निघून जातो.

सव्वासातला लाइट जाते. मोटार बंद पडते. आम्ही पुन्हा कान देतो.

टिटवी ओरडते. एवढंच.