अंजनी : सड्यावरचं सदाहरित झुडूप

[दृश्य : मसाई पठार, मार्च महिन्यातली दुपार. करपलेलं गवत, तांबडा-काळा जांभा, कडेला गर्द हिरवा पट्टा.]

निवेदन :
पन्हाळ्याच्या पश्चिमेला हे मसाई पठार, म्हणजे जांभ्या खडकाचा उघडा सडा. श्रावणात इथं गाड्या लावायला जागा मिळत नाही, मार्चमध्ये कुणी फिरकत नाही. जांभा पायाला चटके देतोय, गवताची काडी हिरवी नाही. आणि कडेच्या कपारीत ही अंजनी मात्र टवटवीत.

तिच्या वाट्याला माती किती? भेगेत साठलेला मूठभर चुरा, तोही आम्लधर्मी आणि निकस. पावसाळाभर पाणी, नंतर महिनोन्‌महिने कोरडं. राधानगरीच्या जंगलात हीच अंजनी वाढून झाड होते. उघड्या सड्यावर वारा तिला खुजीच ठेवतो. युरोपातल्या निकस, आम्ल माळांवर हीदर नावाचं झुडूप असंच तगतं. आपल्याकडं रोपवाटिकेत ‘हीदर’ म्हणून जे जांभळ्या फुलांचं रोप हातात देतात, ते बहुतेकदा कुफिया असतं, मूळचं मेक्सिकोकडचं. कुंडीत शोभतं, पण खऱ्या हीदरच्या कुळातलं नव्हे.

[दृश्य : फांदी अगदी जवळून. हात पान उलटून दाखवतो.]

अंजनी ओळखायची ती पानावरून, कारण फुलं थोडेच दिवस असतात. पानं समोरासमोर, जोडीनं. जाड, चिवट, वरून चकचकीत. मधली शीर स्पष्ट, बाजूच्या शिरा मात्र शोधूनही नीट सापडत नाहीत.

शंका आली तर पान तोडून बघा. देठातून पांढरा चीक आला तर ते करवंद. त्याला काटेही असतात. चुरगळल्यावर वास आला तर जांभूळ. पानं झुबक्यानं आणि खालून पांढरट असतील तर पिसा नावाचं झाड. अंजनीला चीक नाही, काटा नाही, वासही नाही. या भागातल्या सदाहरित जंगलाला वनस्पतिशास्त्रज्ञ अंजनी, जांभूळ आणि पिसा या तिघांच्याच नावानं ओळखतात.

[दृश्य : फुललेली फांदी. मधमाश्यांची गुणगुण, काही क्षण निवेदन नाही.]

आता फूल बघा. ते शेंड्याला येत नाही, जुन्या फांदीच्या अंगालाच गुच्छ फुटतात. एकेक फूल ज्वारीच्या दाण्याहून थोडंसं मोठं. चार पाकळ्या, आठ पुंकेसर, रंग धड निळाही नाही आणि धड जांभळाही नाही. बहर चांगला असला की फांदीचं लाकूड दिसेनासं होतं. मग हिरवी फळं धरतात, पिकून काळीजांभळी होतात. प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक कडं असतं. ती आणखी एक पक्की खूण. चव गोडसर-तुरट. बुलबुलांना बाकी ती फार आवडतात.

[दृश्य : परसातली रोपं, काळ्या पिशव्या.]

दारात लावायची असेल तर सड्यावरचं रोप उपटू नका. मूळ भेगेत अडकून तुटतं आणि वर आणलेली काडी वाळून जाते. पिकलेलं फळ घ्या, गर चोळून धुवा आणि बी लगेच पेरा. वाळवून डबीत ठेवलेल्या बियांचा भरवसा नाही. पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, ती नको. तांबडी माती, जांभ्याचा चुरा आणि कुजलेला पालापाचोळा पुरे. शेणखताचा मारा करायची गरज नाही. सुरुवातीला अर्धी सावली द्या.

वाढ मात्र सावकाश. उसाच्या हंगामावर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात एवढा धीर धरणं अवघडच! पण एकदा रुजली की कुंपणालाही चालते, छाटली की पुन्हा फुटते. फक्त बहर जुन्या लाकडावर येतो हे ध्यानात ठेवा. दर महिन्याला कात्री लावून चौकोनी ठोकळा केलात, तर हिरवी भिंत मिळेल, फुलं नाहीत. छाटायचंच असेल तर बहर ओसरल्यावर छाटा, आणि जाड फांद्यांना हात लावू नका.