ग्राफिक्स कार्डासाठी वॉटर ब्लॉक: सगळा खेळ उंचीचा

पंखे आणि हीटसिंक काढले की कार्ड असं उघडं पडतं. मधोमध चकचकीत चिप, तिच्याभोवती मेमरीचे काळे चौकोन आणि कडेला पॉवरचे मॉस्फेट, म्हणजे चिपला वीज पुरवणारे छोटे भाग. आता यावर तांब्याचा एक ठोकळा बसवायचाय, ज्याच्या पोटातून पाणी फिरणार.

बघणाऱ्याला वाटतं अवघड काम पाण्याचं असेल. पाणी तसं फार गुणी आहे हो, 300 वॉटची उष्णता उचलायला मिनिटाला 4 लिटर पाणी फिरवलं तरी ते जेमतेम 1 अंशाने तापतं. खरी डोकेदुखी उंचीची, कारण चिप, मेमरी, मॉस्फेट सगळ्यांची उंची वेगळी आणि तांब्याला एकाच वेळी सगळ्यांना टेकायचंय. चिपवर थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा पातळ थर, बाकीच्यांवर थर्मल पॅड, म्हणजे त्याच कामाची मऊ पट्टी. पॅड जरा जाड निघाला की ब्लॉक मेमरीवरच अडतो, चिपला नीट टेकतच नाही, मग कितीही भारी पंप लावा, उपयोग शून्य. त्यामुळे आधी कॅलिपर (बारीक जाडी-उंची मोजायचं साधन) घेऊन एकेक भाग मोजायचा, कंटाळा आला तरी मोजायचा.

अ‍ॅल्युमिनियम कापायला सोपं, पण उष्णता वाहून नेण्यात तांबं त्याच्या दुपटीच्या आसपास, शिवाय लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या बंद मार्गात, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम गंजून खाल्लं जातं. म्हणून तांबंच. मशीनवर मात्र ते चिवट, कटरला चिकटतं, धार चांगली हवी आणि कटिंग ऑइल सढळ हाताने. चिपच्या बरोबर वर अर्धा-अर्धा मिलिमीटरच्या खाचा पाडायच्या म्हणजे पाण्याला तांब्याचा जास्त पृष्ठभाग मिळतो. अजून बारीक केल्या तर? थंडावा थोडा वाढेलही, पण पंपावर ताण येतो आणि कचरा अडकतो, माझ्या मते हाव करू नये.

वरचं झाकण अ‍ॅक्रिलिकचं, त्याला नळ्यांच्या फिटिंगसाठी जी वन-फोरचे (G1/4 या मापाचे) आटे, आणि कडेने ओ-रिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची खाच. ही खाच ओ-रिंगच्या जाडीपेक्षा उथळ ठेवायची, रिंग साधारण 20 ते 25 टक्के दबली पाहिजे, तरच पाणी आत राहतं.

गळतीची टेस्ट कार्डावर बसवण्याआधीच, हवा भरून, प्रेशर गेजचा काटा खाली येतोय का ते बघायचं.

शेवटी पेस्ट लावून ब्लॉक बसवायचा, स्क्रू तिरपे समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच कोपरा आधी दाबला तर उघड्या चिपचा टवका उडू शकतो, आणि मग परत सगळं काढून पेस्टचा ठसा बघायचा. पूर्ण चिपभर सारखा पसरलेला असेल तर पुसून नवी पेस्ट लावा आणि कायमचं बसवा. एका बाजूला जाड दिसला तर पुन्हा कॅलिपर.