बाप व्यासपीठावर, पोर चव्हाट्यावर

[दृश्य : शिकागो. खचाखच भरलेलं सभागृह, हातात फलक घेतलेले लोक.]

२१ ऑगस्ट २०२४ची रात्र. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ उपराष्ट्रपतिपदाची उमेदवारी स्वीकारताहेत. भाषणाच्या ओघात ते बायकोचं आणि दोन्ही मुलांचं नाव घेतात. माझं सगळं जग म्हणजे तुम्हीच, असं म्हणतात. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो. १७ वर्षांचा गस उभा आहे. डोळ्यांतून पाणी वाहतंय, बोट व्यासपीठाकडे. आवाज ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात. हे माझे बाबा आहेत!

ती काही सेकंदांची फीत जगभर फिरली. बहुतेकांचे डोळे पाणावले. काहींना मात्र हसू आलं. अ‍ॅन कोल्टर या नामवंत उजव्या स्तंभलेखिकेनं त्याच्या रडण्यावर शेरा मारला, त्यात शब्द होता ‘विअर्ड’. विचित्र. गंमत बघा, त्या उन्हाळ्यात ट्रम्प आणि त्यांच्या साथीदारांना हा शब्द चिकटवला होता तो वॉल्झ यांनीच. बापानं सोडलेला बाण फिरून आला आणि लागला पोराला. गसला शिकण्यातली एक अडचण आहे, हे आईवडिलांनी काही दिवस आधीच जाहीरपणे सांगितलं होतं. टीका झाल्यावर कोल्टरबाईंनी पोस्ट काढून टाकली.

मुलांना मध्ये आणायचं नाही. अमेरिकेच्या राजकारणात हा नियम दोन्ही पक्ष तोंडपाठ म्हणतात. तो कायद्यात नाही. मोडला की माफी मागायची, इतकाच त्याचा धाक.

[दृश्य : व्हाइट हाउस, १९९३.]

बिल क्लिंटन निवडून आले तेव्हा त्यांची मुलगी चेल्सी १२ वर्षांची होती. दातांना तारा, कुरळे केस. त्या वयात आरसासुद्धा शत्रू वाटतो. डिसेंबर १९९२मध्ये शनिवारी रात्रीच्या एका लोकप्रिय विनोदी कार्यक्रमात तिच्या दिसण्याची टर उडवली गेली. पुढच्या प्रक्षेपणात तो भाग कापला आणि कलाकारानं क्लिंटन कुटुंबाला माफीचं पत्र लिहिलं. १९९८मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी पक्षाच्या निधीसंकलनाच्या कार्यक्रमात तिच्या रूपावर असा विनोद केला की बऱ्याच वृत्तपत्रांनी तो छापलाच नाही. आम्हीही सांगणार नाही. त्यांनीही माफी मागितली. या मुलीचा गुन्हा काय, तर तिचे आईवडील ज्यांना आवडत नव्हते त्यांच्या हाताला ती लागली.

इथवर सगळं सोपं आहे. पण प्रत्येक वेळी मूल आपणहून कॅमेऱ्यासमोर येतं असं नाही, आणि दरवेळी विरोधकच त्याला ओढतात असंही नाही.

२८ ऑक्टोबर १९८०. क्लीव्हलँडमध्ये प्रतिस्पर्धी उमेदवार रेगन यांच्यासमोर वादविवाद. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर सांगतात, मी मुलीला, एमीला, विचारलं की आजचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता. ती म्हणाली, अण्वस्त्रं. एमी नुकती १३ वर्षांची झाली होती. देशभर हशा पिकला. ‘एमीला विचारा’ असे फलक झळकले. हसले ते बापाला, पण फलकावर नाव लेकीचं!

[दृश्य : कोरा कागद, व्यंगचित्रकाराचा ब्रश.]

आता डिसेंबर २०१५. सिनेटर टेड क्रूझ राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत होते. त्यांनी नाताळची जाहिरात केली. सोफ्यावर बाप, मांडीजवळ दोन लहानग्या मुली, आणि बालगीतांच्या थाटातल्या गोष्टींमधून हिलरी क्लिंटन यांना टोमणे. एक टोमणा तर मुलीच्याच तोंडून. पुलित्झर मिळवलेल्या व्यंगचित्रकार अ‍ॅन टेल्नीस यांनी यावर चित्र काढलं. क्रूझ झाले पेटी वाजवणारा मदारी, मुली झाल्या साखळीला बांधलेली दोन माकडं. बापच मुलींना प्रचाराचं साधन करत असेल तर त्यांच्यावर चित्र काढायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या संपादकांना ते पटलं नाही. त्यांनी चित्र संकेतस्थळावरून उतरवलं. आणि क्रूझ? त्यांनी तेच चित्र पुढे करून समर्थकांकडे देणग्या मागितल्या. म्हणजे मुली दोनदा कामाला आल्या.

मला विचाराल तर टेल्नीसबाईंचं निदान अचूक होतं, हात मात्र चुकला. मदारी काढायचा, पेटी काढायची, साखळ्या काढायच्या आणि साखळीच्या टोकाशी काहीच काढायचं नाही. क्रूझना जास्त झोंबलं असतं आणि देणग्यांचं पत्रही जमलं नसतं.

[दृश्य : भारतातली प्रचारसभा, बापाच्या खांद्यावर गमछा घातलेलं पोर.]

आपल्याकडे नियम या साखळीचाच आहे. मुंबई उच्च न्यायालयानं ४ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशाचा आधार घेत निवडणूक आयोगानं ५ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षांना बजावलं की प्रचारात मुलं नकोत. कडेवर घेऊन मिरवायचं नाही, गाडीत बसवायचं नाही, त्यांच्याकडून घोषणा आणि कविता म्हणून घ्यायच्या नाहीत. आईबापांसोबत आलेलं मूल नुसतं नेत्याजवळ दिसलं, प्रचारात नसलं, तर मात्र चालतं. आता ही नुसती हजेरी कुठं संपते, ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

आणि महाराष्ट्रात टिंगल होते ती बहुतेक वेळा पोरांची नसतेच, वारसांची असते. २०१६मध्ये राणीच्या बागेत आठ पेंग्विन आले, काही महिन्यांत एक दगावला, आणि पेंग्विन हे आदित्य ठाकरेंचं टोपणनाव झालं. तेव्हा ते २६ वर्षांचे आणि युवासेनेचे प्रमुख होते. टोपणनाव बोचरं असेल, पण ते त्यांनी लावून धरलेल्या, सार्वजनिक पैशाच्या प्रकल्पावरून पडलं, दातांवरून नाही. ज्यानं तिकीट घेतलं, पद घेतलं, त्यानं टोलाही घ्यावा. मिशीत पांढरे केस दिसायला लागले तरी ‘पोरांना मध्ये ओढू नका’ म्हणणारे वारस आपण पाहिलेत.

चेल्सीकडे परत येऊ. जानेवारी २०१७मध्ये १० वर्षांच्या बॅरन ट्रम्पची चेष्टा सुरू झाली, तेव्हा त्याला मुलासारखं जगू द्या असं जाहीरपणे म्हणणाऱ्यांत ती होती. ते तिनं म्हणणं शोभलंही.

पण त्याआधीचा एक प्रसंग आहे.

[दृश्य : आयोवा, हिवाळा. गर्दीत वही घेतलेली छोटी मुलगी.]

डिसेंबर २००७. चेल्सी २७ वर्षांची, आईच्या, हिलरींच्या, प्रचाराला गावोगाव फिरतेय. शाळकरी मुलांच्या एका बातमीपत्राची नऊ वर्षांची वार्ताहर तिला गाठून प्रश्न विचारते. चेल्सी सांगते, मी पत्रकारांशी बोलत नाही, आणि वाईट वाटतं, पण ते तुलाही लागू आहे. तू गोड आहेस, तरीसुद्धा.